गुंता की जट

कुरळे केस असणं म्हणजे भाग्य, असं कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कसलं डोंबलाचं भाग्य! आमच्या बीडकडच्या भादव्यात एकदा ते डोक्यावर वागवून बघा म्हणावं. पाऊस पडून गेलेला, वर ऊन तापलेलं, काळी जमीन खालून वाफ सोडतेय, आणि वारा म्हणाल तर झाडाचं पान हलत नाही. असं गदमदायला लागलं की म्हशीसुद्धा डोहातून बाहेर यायला तयार नसायच्या. माझी सकाळी घट्ट घातलेली वेणी दुपारपर्यंत फुगून ही एवढी व्हायची. कानावर, कपाळावर, मानेवर केस नुसते पिंजारलेले. घाम आला की ते एकमेकांत शिरायचे आणि वाळले की तिथंच अडकून बसायचे.

माय रोज सकाळी माझ्या डोक्याशी झुंजायची. जवस उकळून ती फडक्यातून पिळायची. त्याचं बुळबुळीत पाणी निघायचं, ते केसांना चोळायची, वरून करडीचं तेल थापायची, मग मला दोन गुडघ्यांत दाबून धरून शिंगाची फणी चालवायची. केस तेवढ्यापुरते बसायचे. मी ओरडले की पाठीत धपाटा बसायचा. "गप ऱ्हा! शेजारी ऐकायलेत की!" शेजाऱ्यांनी ऐकलं तर काय बिघडतं, हे मला लहानपणी कळायचं नाही. पोरी तर घरोघर फणीला ओरडायच्या. पण माझ्या केसांत गुंता होतो ही गोष्ट मायला भिंतीबाहेर जाऊ द्यायची नव्हती.

कारण आमच्याकडं तेव्हा गुंत्याला गुंता म्हणून सोडून देत नसत. निजामाच्या मोगलाईतले ते दिवस. पोरीच्या केसांचा गोळा होऊन त्यात फणी शिरेनाशी झाली की म्हणायचे, हिच्या केसांत देवी आली, जट आली. मग त्या जटेला फणी लावायची नाही, कातर लावायची नाही. हळद-कुंकू वाहायचं. पोरीच्या गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हातात परडी द्यायची, आणि तिनं जन्मभर मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा मागायचा. लग्न नाही, घर नाही, लेकरू नाही. आणि जट कुणी कापलीच, तर देवी त्या घरातलं एक माणूस नेते. हे सगळे मानायचे. माझी मायही मानायची, आणि ती जे मानायची ते अगदी हाडापासून.

ही नुसती ऐकीव गोष्ट असती तर मी एवढी भ्यायले नसते. आमच्या दारात ती दर मंगळवारी उभी राहायची. माझी सख्खी आत्या. आबांची धाकटी बहीण. गावाच्या कडेला देवीच्या देवळाला लागून तिची खोली होती. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्या, हातात परडी, आणि पाठीवर ती जट. मनगटाएवढी जाड, हळदीनं पिवळी पडलेली, कमरेच्या खाली लोंबणारी. वाकायचं झालं की आत्या ती एका हातानं उचलून धरायची. तिचा आवाज आला की मी कणगीमागं जाऊन बसायचे. आत्या स्वभावानं वाईट नव्हती हो, मला खारीक आणायची. पण मी ती तिच्या हातातून कधी घेतली नाही. मला वाटायचं, हात लागला की ते माझ्याही डोक्यात येईल.

आबा तिला देवीच मानायचे. ते सांगायचे, पटकीच्या साली घरातली माणसं पटापट जात होती. बाई, म्हणजे आत्या, तेव्हा माझ्याएवढी. तीही आजारानं अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा डोक्यात जट. घरच्यांनी ओळखलं, हळद-कुंकू वाहिलं, तिला देवीला दिली, आणि पटकी थांबली. "बाईनं आपलं घर राकलं," असं म्हणून आबा हात जोडायचे. भाकरी पुढ्यात असली तर तीही बाजूला सारायचे. आणि माय चुलीकडं तोंड करून बसलेली असायची.

त्या वर्षी भादव्यात मला हिवताप आला. असा आला की मी गोधडीत थडथड उडायचे आणि नंतर घामानं सगळं अंथरूण भिजायचं. दिंद्रुडच्या हकिमानं पुड्या दिल्या आणि सांगितलं, ताप पुरता उतरेपर्यंत डोक्याला पाणी लावायचं नाही. मायनं पाणी लावलं नाही, पण टाळूला थंडावा म्हणून करडीचं तेल ओतत राहिली. आणि करडीचं तेल म्हणजे काय, वाळलं की चिक्की! तेल, घाम, धूळ, आणि मी दिवसरात्र त्याच डोक्यावर उताणी. ताप उतरला, मी उठून बसले, माय फणी घेऊन मागं बसली. मानेजवळ फणी अडकली. मायनं ती काढून पुन्हा लावली, पुन्हा अडकली. मग तिचा हात थांबला. ती उठली, दाराला कडी घातली, आणि परत येऊन बसली. माझ्या मानेवर तिचा श्वास लागत होता.

"काय झालं गं माय?"

"काय न्हाई."

मी हात मागं नेला. मुठीत मावेल एवढा गोळा होता, वाळल्या शेणासारखा कडक. मला वाटलं, झालं. आता कवड्या.

त्या दिवसापासून आबा शेतात गेले की माय मला गोठ्यात न्यायची. बाजरीवर पाखरं पडायची म्हणून आबा दिवसभर शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन असायचे, ते एक बरं होतं. माय जवसाचं पाणी लावायची, बोटांनी उकलायला बघायची, मध्येच तिला धीर निघायचा नाही आणि ती वरून फणी ओढायची. त्यानं गोळा आणखीच आवळायचा. मी ओठ चावून गप्प बसायचे. बाहेर जाताना ती माझ्या डोक्याला फडकं बांधायची, आणि कुणी विचारलं तर वारं लागू नये म्हणून बांधलंय असं सांगायची. वारं! कुठं होतं वारं? त्या उकाड्यात फडक्याखाली माझं डोकं शिजायचं, घामानं खाजायचं, आणि गुंता रोज थोडा मोठा व्हायचा. मायला ते दिसत होतं. फडकं सोडायची तिची हिंमत नव्हती.

"आबाला सांगू नगंस," ती रोज बजावायची. "त्यांला कळलं की संपलं बग."

आबा दुष्ट नव्हते. त्यांचा माझ्यावर जीव होता. म्हणूनच तर भीती होती. त्यांनी मला आनंदानं देवीला दिलं असतं, आणि वर गावजेवण घातलं असतं. आणि आता दिवसही फार उरले नव्हते. पितरं चालू होती. ती उलटली की घट बसणार. नवरात्रात आमच्याकडं कुमारिका जेवू घालायचे. बायका पोरींना ओळीनं बसवायच्या, पाय धुवायच्या, डोक्याला तेल लावून केसांत फुलं माळायच्या. गावातल्या दहा बायकांचे हात माझ्या डोक्यातून फिरणार होते. तेव्हा फडकं बांधून कुणाला फसवणार?

एका दुपारी माय धनगराच्या घरून मेंढरं कातरायची कातर मागून घेऊन आली. काय सांगून आणली कुणास ठाऊक. गोठ्यात मला पुढ्यात बसवलं. त्या दिवशी पाळणाही तिनं तिथंच दावणीजवळ आणून बांधला होता, त्यात माझा तान्हा भाऊ. माझ्या पाठची, त्याच्या आधीची लेकरं मायनं मातीत घातली होती. नवसासायासानं हा एक जगला होता. लोखंडाचा गारवा माझ्या मानेला लागला. मी डोळे मिटले. एकदाची काप बाई, असं मनात म्हणत होते. आणि नेमकं पाळण्यातलं पोर शिंकलं.

माय दचकली ती अशी, की कातर हातातून निसटून शेणात पडली. तिनं धावत जाऊन पोराला उचललं, छातीशी धरलं, त्याच्या कपाळाला हात लावून बघितला, पायाला लावून बघितला. पोर ठणठणीत होतं, हसत होतं. पण मायचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "न्हाई गं आई, न्हाई कापत, न्हाई कापत," ती म्हणत होती, आणि ते मला उद्देशून नव्हतं. मी तिथं शेणात बसून बघत होते. मला तेव्हा कळलं की माझ्या मायला दोघांतलं एक निवडायला सांगितलंय. आणि ती निवडू शकत नाही. लहान पोरीला ते फार लवकर कळलं, असं मला आजही वाटतं.

कातर परत गेली. मग आला मंगळवार.

माय पाणी आणायला गेली होती. मी उंबऱ्याशी पोराला मांडीवर घेऊन बसले होते, म्हणून कणगीमागं पळता आलं नाही. आत्या समोर येऊन उभी राहिली.

"एवढ्या उकाड्यात डोक्याला फडकं कावून बांदलंय गं?"

ती वाकली, एका हातानं आपली जट सावरली आणि दुसऱ्या हातानं माझं फडकं मागं सारलं. तिची बोटं गुंत्यावर टेकली. मी पोराला घट्ट धरलं. आत्यानं परडी खाली ठेवली. पाहते तर तिचे डोळे भरून आलेले. आनंदानं!

"आलीस व्हय गं माजे आई," ती माझ्या डोक्याला हात जोडून म्हणाली. "माज्यामागं परडी कोन धरील, म्हनून लई घोर लागलाता मला."

तेवढ्यात माय पाण्याची घागर घेऊन दारात आली. तिनं बघितलं, उभी होती तिथंच घागर खाली ठेवली आणि सरळ आत्याच्या पायावर पडली.

"वन्सं, जट न्हाई ती. तापात पडून गुता झालाय. तुमच्या पाया पडते, ह्यांला सांगू नका."

"गुता हाय का जट हाय, ते तू ठरवनार व्हय?"

"मग तुमीच बगा! तुमीच ठरवा!"

आत्या रागावली नाही. उलट तिला कीवच आली असावी. आत येऊन दार लोटून घेत ती मऊ आवाजात म्हणाली, "बगते की. तुज्या मनाला रुखरुख नगं. खरी आसंल तर मानसाच्या हातानं सुटायचीच न्हाई. आई सोडू देत न्हाई. आन जवसाचं पानी."

धाब्याला ठेवलेल्या साण्यातून, त्या उजेडाच्या भोकातून, ऊन खाली पडतं तिथं तिनं मला बसवलं. आपण मागं बसली. मायनं जवसाचं पाणी आणून ठेवलं, पोराला पाळण्यात टाकलं आणि माझ्यासमोर बसून माझे दोन्ही हात धरले. आत्यानं बाभळीचा एक लांब काटा मागून घेतला. देवीचं गाणं गुणगुणत तिनं गुंता पाण्यानं भिजवला आणि काट्याच्या टोकानं खालच्या बाजूनं एकेक केस उचलायला लागली. तिला कसलीच घाई नव्हती. तिची खात्री होती ना!

ती पुढं वाकली की तिची जट घसरून माझ्या खांद्यावर यायची. जड, कोमट, हळदीचा, तेलाचा आणि धुराचा वास असलेली. मी अंग आक्रसून घ्यायचे. मला वाटायचं, ही मागून माझ्या केसांत शिरतेय. माय माझे हात इतके दाबून धरत होती की बोटं बधिर झाली.

थोड्या वेळानं एक बट सुटली आणि माझ्या गालावर आली. मायनं ती बघितली.

"वरवरचे सुटत्यात," आत्या म्हणाली. "आत बगू."

दुसरी सुटली. मग तिसरी. आत्याचं गाणं चालूच होतं. घामाच्या धारा माझ्या पाठीवरून खाली चालल्या होत्या. दुपार कलत होती, उजेडाचा तुकडा माझ्या मांडीवरून जमिनीवर सरकला. मध्येच एका ठिकाणी काटा अडला. "हितं हाय बग," आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात जीव आला. "हितं घट्ट हाय. हितं न्हाई सुटायची." तिनं तिथं पुन्हा पाणी लावलं, काटा रोवला, हळूहळू हलवला. बराच वेळ गेला. मग मानेत काहीतरी ढिलं पडल्यासारखं वाटलं, आणि एक भली मोठी बट पाठीवर पडली.

आत्याचं गाणं थांबलं.

मला मागचं दिसत नव्हतं, पण तिची बोटं कळत होती. आधी ती सावकाश चालत होती, आता घाई करायला लागली. काटा दोनदा माझ्या मानेला टोचला. मायचं तोंड उजळत चाललं होतं, तिला हसू आवरत नव्हतं. "द्या, ऱ्हायलेलं मी करते वन्सं," ती म्हणाली. आत्यानं तिचा हात बाजूला केला. "थांब," एवढंच म्हणाली. मायच्या अंगातली भीती उतरत होती, आणि ती कुठं जातेय ते मला माझ्या मानेवर कळत होतं. मला आता मागं वळून बघायची छाती होईना.

शेवटची गाठ सुटली. आत्यानं शिंगाची फणी घेतली, टाळूवर टेकवली आणि खाली आणली. फणी शेवटापर्यंत आली, कुठंच अडली नाही. तिनं पुन्हा एकदा फिरवून बघितली.

"सुटली," आत्या म्हणाली.

मायनं मला ओढून कवटाळलं. ती हसत होती, रडत होती, माझ्या डोक्याचे मुके घेत होती, आणि मधूनच आत्याच्या पायाला हात लावत होती. "तुमचं लई उपकार वन्सं, लई उपकार." आत्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिच्या मांडीवर माझे तुटलेले केस पडले होते. ती ते चिमटीत धरून बघत होती.

"वैनी, मी आजारी पडले हुते तवा... सोडवायला माज्यापशी कुनी बसलं हुतं का गं?"

"मला काय ठावं वन्सं. मी कुटं हुते तवा."

आत्यानं हात मागं नेला, आपली जट पुढं घेतली आणि मांडीवर ठेवली. हळदीचा थर ठिकठिकाणी तडकलेला होता. ती मायकडं न बघता म्हणाली, "माजीबी बगती का गं?"

मायचे हात माझ्या केसांतल्या जवसाच्या पाण्यानं ओले झाले होते. तिनं पाळण्याकडं बघितलं. मग ते हात तिनं पदराला पुसले, चांगले कोरडे होईपर्यंत पुसले.

"वन्सं," ती म्हणाली, "घरात लेकरू हाय वो."

आत्यानं पाळण्याकडं पाहिलं. मग ती एकदम हसली. "आगं येडे, मस्करी केली! एवढी जुनी, ती काय आता सुटती व्हय?" तिनं जट उचलून पाठीवर टाकली, परडी घेतली. मायनं लगबगीनं पीठ आणलं, ओंजळीओंजळीनं परडीत घातलं, सांडेपर्यंत घातलं. आत्या दार उघडून गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दिवेलागणीला आबा शेतातून आले. मायनं मला न्हाऊ घातलं होतं आणि मी केस मोकळे सोडून चुलीजवळ बसले होते. आबा माझ्या शेजारी टेकले. बरं वाटतंय का पोरी म्हणून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. त्यांचा हात केसांतून खाली माझ्या पाठीपर्यंत आला.

"आगं, हे तर हुबेहूब बाईचे केस," ते हसून मायला म्हणाले. "लहानपनी बाईचे आस्सेच हुते. आन फनी बगितली की बाई पळून जायाची. आमच्या मायनं कंटाळून तिच्या डोक्याचा नादच सोडलाता."

माय भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच राहिले आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. आबा बिचारे गोंधळून गेले. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"आता रडाया काय झालं?" ते म्हणाले. "पोर तर चांगली बरी झाली की."